गेटवरची सवत

नवऱ्यानं माझ्यावर सवत आणली नाही, ती कंपनीनं आणली. एका सकाळी दोन पोरं शिडी घेऊन आली, गेटच्या केबिनच्या भिंतीला भोकं पाडली आणि माझ्या डोक्याच्या बरोबर वर एक पांढरा डोळा टांगून गेली. शिडी उचलता उचलता एक जण म्हणाला, "मावशी, आता तुम्ही निवांत. हा बघेल सगळं."

म्हटलं, "मग मी काय करू बाबा? ह्याला चहा करून देऊ?"

पोरं हसली. मला काही हसू आलं नाही.

या अंकाचं काम बघणाऱ्या ताई आमच्या रहाटणीतल्याच. भाजीच्या गाडीवर भेटल्या आणि म्हणाल्या, "लताबाई, तुमच्या नोकरीबद्दल लिहा की." म्हटलं, उभं राहण्याबद्दल काय लिहायचं? माझी नोकरी म्हणजे उभं राहणं. चाकणच्या एका कंपनीच्या गेटवर मी लेडी गार्ड होते. खाकी शर्ट, डोक्यावर टोपी, गळ्यात शिट्टी. गावाकडं गेले की बाया विचारायच्या, "पोलिसात लागलीस व्हय गं?" मी हो म्हणायची नाही आणि नाहीही म्हणायची नाही.

आम्ही मूळचे लातूरकडचे. नवरा भोसरीत फोर्जिंगच्या कंपनीत होता. तिला टाळं लागलं, तो रिक्षावर बसला आणि मी गेटवर उभी राहिले. आमच्या कंपनीत हार्नेस बनायचा, म्हणजे चारचाकीच्या पोटात वायरींची जी जाडजूड जुडी असते ती. लाइनवर सगळ्या बायका. ह्या कामाला बारीक बोटं लागतात, असं साहेब लोक सांगायचे. माझ्या मते पगारही बारीक लागत असावा. आधी खेड-जुन्नरच्या आणि आमच्या मराठवाड्याच्या बाया होत्या. मग कॉन्ट्रॅक्टरनं ओडिशा, झारखंड, आसामकडच्या पोरी आणल्या. लांबून आलेली पोरगी सुट्टी मागत नाही, एवढं साधं गणित.

वायर म्हटली की तांबं आलं, आणि तांबं म्हटलं की मोह आला. म्हणून शिफ्ट सुटली की प्रत्येक बाईची झडती. पडद्यामागं एकेक जण यायची, हात वर करायची, मी तपासायची. लोकांना वाटतं, अंगावरून हात फिरवला की झाली झडती. तसं नसतं बाई. आधी तोंड बघायचं. जिच्याकडं काही आहे ती जास्त बोलते, नाहीतर एकदम गप्प होते. मग अंबाडा, ओढणीची गाठ, चपलेचा तळ. डबा तर हलवून बघायचाच, कारण रिकाम्या डब्याचं झाकण वाजतं. एका सुपरवायझर बाईचा डबा वाजेना. ती म्हणाली, "मावशी, अहो तुम्ही मला ओळखता ना?" म्हटलं, "ओळखते म्हणूनच हलवला." उरलेल्या चपातीखाली मूठभर पितळी टर्मिनल, वायरीच्या टोकाला बसतात ती, निघाली. बाई मूळची पुण्याची, बोलणं अगदी साजूक तुपातलं.

आणि झारखंडची एक बाई होती, ती रोज कंपनीच्या फिल्टरचं पाणी बाटल्या भरभरून न्यायची. खोलीवर टँकरचं पाणी यायचं आणि लेकराचं पोट सारखं बिघडायचं. आमचे सिक्युरिटीचे मुख्य म्हणजे सुभेदार साहेब, सैन्यातून निवृत्त झालेले, मिशीला पीळ. त्यांनी विचारलं, "हे काय चाललंय?" म्हटलं, "पाणीच आहे साहेब, सोनं नाही." ते मिशीत हसले आणि पुढं गेले. माझा शब्द तेव्हा चालायचा, हे सांगायचं आहे.

यंत्रांचं म्हणाल तर मी किती तरी बघितली. हजेरीचं कार्ड घातलं की खट्ट वाजणारं यंत्र बघितलं. मग अंगठ्याचं आलं. आता वायरी ओढून ओढून पोरींच्या अंगठ्याच्या रेघा गेलेल्या. यंत्र आपलं लाल दिवा लावायचं, की ही बाई आमची नाही. लग्नसराईत मेंदी असली तर विचारूच नका. बाहेर रांग लागायची, पोरी रडकुंडीला यायच्या आणि सुभेदार साहेब वैतागून माझ्याकडं बघायचे, "मावशी, ही आपली का?" मी मान हलवली की पोरगी आत. त्या यंत्राचा मला कधी हेवा वाटला नाही. ते जितकं चुकायचं तितकी मी मोठी व्हायची.

पोलिसांतही माझा मान होता. गायकवाड हवालदार म्हणून होते, अंगानं आडवे, स्वभावानं बरे. दर दोन-चार दिवसांनी मोटारसायकल लावून केबिनजवळ यायचे. "काय मावशी, काय नवीन?" मग मी सांगायची. कुठल्या कॉन्ट्रॅक्टरनं नवीन माणसं आणली, कुठल्या चाळीत रात्री भांडणं होतात, कोणाचा नवरा सुट्टीच्या दिवशी चाकूची भाषा करतो. ते ऐकायचे, टपरीवरनं आलेला चहा प्यायचे आणि जाताना म्हणायचे, "मावशी, तुम्ही आमचं अर्धं ठाणं आहात." खोटं कशाला बोलू, त्या वाक्यावर माझा अख्खा आठवडा जायचा. घरी जाऊन नवऱ्याला सांगायची, तर तो म्हणायचा, "अर्धा पगार पण देतात का बघ."

आणि मग तो डोळा आला. पहिल्यांदा एक, मग लाइनवर, स्टोअरमध्ये, कँटीनमध्ये, जिथं तिथं. पोलिसांनीही कंपन्यांना सांगितलं की एकेक कॅमेरा रस्त्याच्या बाजूला वळवा. चौकात त्यांचे स्वतःचेही लागले. टपरीवर तोच विषय. तिथं बाळूशेठ बसलेला असायचा. त्याची जमीन कंपन्यांत गेली, त्या पैशातनं त्यानं पत्र्याच्या खोल्यांची चाळ बांधली, आमच्या परप्रांतीय पोरी त्याच खोल्यांत राहायच्या.

बाळूशेठ म्हणाला, "आमच्या गावात आमीच पावनं झालोय बघा. समदी भायेरची मान्सं. क्यामेरं पायजेतच."

म्हटलं, "बाहेरची माणसं नकोत तर खोल्यांना कुलपं लाव. भाडं कोण देतंय तुला, कॅमेरा?"

टपरीवाला हसून हसून बेजार. बाळूशेठ म्हणाला, "तुमी तरी कुठल्या हितल्या, मावशी?"

ते मला झोंबलं. भोसरीत आम्ही पहिली खोली घेतली तेव्हा घरमालकीण हेच म्हणाली होती, की हे लातूर-बीडवाले आले आणि पाण्याला रांगा लागल्या. त्या दिवशी मी रडले होते. आता रहाटणीत आमच्या स्वतःच्या दोन खोल्या आहेत, मतदानाचं कार्ड आहे, आणि गंमत बघा, तेच बोल माझ्या तोंडात आले. तेही कोणाबद्दल, तर मोनालिसाबद्दल.

मोनालिसा ओडिशाची. नावाला हसू नका, त्यांच्याकडं गल्लोगल्ली मोनालिसा असतात. सावळी, काटकुळी, केसांना भरपूर तेल. पहिल्याच दिवशी झडतीला आली, मी काखेखाली हात लावला आणि पोरगी खुदकन हसून खालीच बसली. तिला गुदगुल्या व्हायच्या. रोज व्हायच्या. मागची रांग खोळंबायची, मी ओरडायची, "ए बये, सरळ उभी राहा!" आणि ती हात वर करायच्या आधीच हसायला लागायची. "मौसी, मत करो ना!" दिवसभर उभं राहून माझे गुडघे भरून यायचे, कंबर धरायची, पण तिची पाळी आली की मलाही हसू फुटायचं. गावाहून आली की माझ्यासाठी मुरमुरे आणायची. आमच्यासारखेच, पण म्हणायची, "नहीं मौसी, ये अलग है." मी म्हणायची, "हो गं, ओडिशाचे मुरमुरे सोन्याचे."

एवढं सगळं गोड होतं. मग कॅमेऱ्याच्या खोलीत बसायला बाई हवी, असं ठरलं. लाइनवर बायका, तर पडद्यावर बघणारीही बाई असावी. ती खोली मी पाहिली होती. आत एसी आणि चाकाची खुर्ची. ती खुर्ची, देवा! सुभेदार साहेब मला कितीदा म्हणाले होते, "मावशी, पुढंमागं तुम्हाला बसायचं काम देऊ." मी मनातल्या मनात त्या खुर्चीत बसूनही बघितलं होतं. आणि साहेबांनी बसवलं मोनालिसाला. ती बारावी झालेली, वर कॉम्प्युटरचा कोर्स.

माझा जळफळाट झाला. म्हटलं, ही आली कुठून, काल-परवा, आणि आमच्या उरावर बसली. ह्या लोकांना सगळं आयतं मिळतं. आमच्या पोरी काय मेल्यात? माझी स्वतःची पोर निगडीला मोबाइलच्या दुकानात उभी असते, आईसारखीच उभी. टपरीवर मी हे मोठ्यानं बोलले आणि बाळूशेठनं मान डोलावली. त्यानं मान डोलावली तेव्हा तरी मला कळायला हवं होतं.

त्याहून मोठा घाव घातला गायकवाड हवालदारांनी. एका दुपारी त्यांची मोटारसायकल आली. मी टपरीवाल्याला खूण करून दोन चहा सांगितले. हवालदार "नमस्कार मावशी" म्हणाले आणि थांबले नाहीत. सरळ आत, कॅमेऱ्याच्या खोलीत. रस्त्यावरून कुठली तरी गाडी गेली होती, ती बघायची होती म्हणे. अर्धा तास आत. बाहेर आले तेव्हा मिशीला चहा लागलेला. आत कपबशीतनं देतात. माझ्या हातातला कागदी कप गार झालेला, तो मी गटारीत ओतला. त्यानंतर त्यांनी मला "काय नवीन" म्हणून कधी विचारलं नाही. नवीन काय ते त्यांना आत कळायचं, रंगीत आणि थांबवून थांबवून.

मी कॅमेऱ्याकडं बघून बोलायला लागले होते. येता-जाता, "बघ मेल्या, बघ." रस्त्यावर गाड्यांना शिट्टी मारणारा दुसरा गार्ड हसायचा.

तर आता खंडेनवमीचं सांगते. दसऱ्याच्या आदल्या दिवशी कंपनीत हत्यारांची पूजा. मशीन धुवायचं, पुसायचं, झेंडूचा हार, हळदकुंकू, नारळ. नियम असा, की ज्याचं हत्यार त्यानं पुजायचं. वायरीवर टर्मिनल दाबणारी क्रिम्पिंगवाली आपल्या मशीनला, ड्रायव्हर गाडीला, कँटीनवाला कढईला. पूजा झाली की मशीन बंद. शिवायचं नाही, अर्ध्या दिवसानं सगळे घरी. आम्ही बौद्ध, आमच्यात हत्यारं पुजत नाहीत. दुसऱ्या दिवशी आम्ही पांढरं नेसून विहारात जातो. पण गेटवर उभं राहून मजा बघायला काय जातं?

मोनालिसा हातात ताट घेऊन बाहेर आली. नवी साडी, केसांत गजरा. "मौसी, हमारे यहाँ विश्वकर्मा पूजा में साइकिल की भी पूजा करते हैं. इधर मेरा मशीन कौन सा?"

आत जाऊन पडद्याला एक फूल वाहा, एवढं सांगितलं असतं तर संपलं होतं. पण माझ्या पोटात तो चहा अजून गार होत होता. म्हटलं, "तुझं हत्यार? ते काय वर टांगलंय. त्याचंच खातेस तू. चांगलं मळवट भर त्याचं."

मी टोमणा मारला होता. त्या बयेला तो खराच वाटला. केबिनमधलं स्टूल ओढून आणलं आणि चढली. स्टूलाचा एक पाय आखूड, ते डुगडुगलं, तसं मी दोन्ही हातांनी धरलं. वरनं ती हसतेय, खाली मी हसतेय. तिनं कॅमेऱ्याला हार घातला, आणि सवाष्णीला लावावं तसं हळदकुंकवाचं बोट बरोबर काचेवर टेकवलं. तेलकट हात, ओलं कुंकू. काच लालभडक झाली. मला बरं वाटलं. म्हटलं, झाला एकदाचा आंधळा. मग नारळाचे तुकडे खाल्ले आणि कंपनीच्या बसा सुटल्या.

दसऱ्याची सुट्टी झाली. परत आलो तर स्टोअरमध्ये बोंब. तांब्याच्या वायरचं एक अख्खं रीळ गायब. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मोजलं तेव्हा होतं, आज नाही. सुभेदार साहेबांनी गेटचा कॅमेरा लावला. पडद्यावर काय, तर मोनालिसाचं तोंड. एवढं मोठं, दात काढून हसणारं. मग एक बोट जवळ जवळ येतं आणि सगळं लाल. त्यापुढं दिवसभर लाल.

"नीट ठरवून केलंय," साहेब म्हणाले.

हवालदार आले, बरोबर एक महिला शिपाई आणि गाडी. मोनालिसा खुर्चीतून उठली तेव्हा तिला कळतच नव्हतं काय झालंय. "पूजा किया था सर, पूजा." तिच्या चाळीतल्या खोलीचं सामान उलथंपालथं केलं. बाळूशेठनं लगेच तिची पेटी बाहेर काढली, म्हणाला, "चोरटी मान्सं न्हाई ठिवायची आपुन." गेटवर चर्चा एकच, की ह्यांची टोळी असते, आत एक आणि बाहेर चार.

मी तिथल्या तिथं पुढं झाले. "साहेब, स्टूल मी धरलं होतं. पूजा कर म्हणून मीच सांगितलं तिला. तिला काय ठाऊक आपल्याकडची रीत!"

सुभेदार साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या. "तुम्ही फुटेजमध्ये कुठं आहात?"

"म्हणजे?"

"मावशी, ती एकटीच दिसतेय. तुम्ही कुठंच नाही."

मी असणार कशी? माझी जागा कॅमेऱ्याच्या बरोबर खाली. दिव्याखाली अंधार म्हणतात तसं. तो रस्ता बघायचा, पटांगण बघायचा, येणारा-जाणारा बघायचा. मी त्याला इतकी वर्षं कधी दिसलेच नव्हते.

हवालदारांकडं वळले. म्हटलं, "अहो, तुम्ही तरी. मी खोटं बोलेन का?"

ते खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मावशी, तुम्ही भोळ्या. ह्या पोरी जीव लावतात आणि माणसाला गुंडाळतात. तुम्ही मध्ये पडू नका." अर्ध्या ठाण्याला त्यांनी असं गप्प बसवलं. मग म्हणाले, "गाडीत बसवण्याआधी झडती घ्या हिची. तुमचा हात सराईत आहे."

महिला शिपाई होती ना तिथं! पण ती गाडीत फोनवर बोलत होती, आणि साहेबांचा हुकूम झाला. पडद्यामागं मोनालिसा आली. हात वर केले. मी काखेखाली हात लावला आणि ती हसली नाही. नुसती उभी राहिली, लाकडासारखी. माझ्याकडं बघत होती. मी म्हटलं, "बाई गं, मी सांगितलं त्यांना." तिला मराठी कळत होतं. तिनं हात खाली घेतले आणि गाडीकडं चालू लागली.

गाडी गेल्यावर सुभेदार साहेब म्हणाले, "मावशी, दोन दिवस खुर्चीत तुम्ही बसा. दुसरी बाई मिळेपर्यंत."

अशी मिळाली मला खुर्ची. एसीत अंग काकडलं. चाकं अशी की जरा सरकलं की खुर्ची पळते, पाय टेकतच नाहीत. पडद्यावर वीस चौकटी, कुठं बघायचं कळेना. मी शोधत होते माझी गेटची जागा. ती कुठल्याच चौकटीत नव्हती. बसले आणि रडले, दुसरं काय करणार.

दुसऱ्या दिवशी हवालदार आले. पोरगी काही कबूल करेना, म्हणून नवमीच्या दिवशीचं सगळं पुन्हा बघायचं होतं. "मावशी, पुढं ढकला." मला कुठं येतंय! मी त्या उंदरावर बोट ठेवलं, तर चित्रं सरासरा मागं पळायला लागली. लोक उलटे चालतायत, पोरी उलट्या जेवतायत. मी घाबरून सगळीकडं टिचक्या मारल्या. ती चित्रं थेट आदल्या संध्याकाळवर जाऊन थांबली, लाइनच्या कोपऱ्यातल्या कॅमेऱ्यावर.

"थांबा, थांबा!" हवालदार ओरडले. "काय दाबलंत?"

"मला काय माहीत!"

पडद्यावर चार पोरं पूजेची मांडणी करत होती. देवीचा फोटो ठेवायला उंचवटा हवा होता. टेबल पुरेना. तर दोघांनी स्टोअरमधनं एक रीळ गडगडत आणलं, आडवं टाकलं, त्यावर लाल कापड पसरलं आणि वर फोटो.

आम्ही दोघं लाइनवर पळालो. मांडणी तशीच होती. पूजा हलवायचा मान लाइनवरच्या सगळ्यात जुन्या कामगाराचा, आणि तो दसऱ्याला गावी गेलेला, ती चार पोरं पण त्याच्याच गावची, त्याच्याबरोबरच गेलेली. मान ज्याचा त्याचा, म्हणून कोणी हात लावला नव्हता. गेले दोन दिवस सगळे, सुभेदार साहेबसुद्धा, येता-जाता त्या देवीला हात जोडत होते. हवालदारांनी कापडाचं टोक उचललं. खाली तांबं चकाकत होतं.

संध्याकाळी मोनालिसा सुटली. कंपनीनं पेढ्यांचा बॉक्स दिला. आणि सगळीकडं एकच वाक्य, टपरीवर, बसमध्ये, कँटीनमध्ये: "कॅमेऱ्यानं वाचवलं बघा पोरीला." बाळूशेठ तर म्हणाला, "म्या म्हनलं न्हवतं? क्यामेरं पायजेतच."

अहो, अडकवलं कोणी मग? आणि मी शपथेवर सांगत होते त्याचं काय? मी जे डोळ्यांनी पाहिलं, हातांनी धरलं, ते कोणी ऐकलं नाही. माझ्या अडाणी बोटानं चुकून जे दाबलं त्यावर सगळ्यांचा विश्वास बसला, तोही माझ्यावर नाही, त्या डब्यावर. मला इतका संताप आला की मी पेढा खाल्ला नाही. नंतर खाल्ला.

पेटी रस्त्यावर होती म्हणून मोनालिसाला घरी आणलं. दुसरी खोली मिळेपर्यंत आमच्याकडंच राहिली. तिनं एका रात्री डाळ केली, त्यांच्या पद्धतीची, मोहरी-लसणाची फोडणी देऊन. माझा नवरा, ज्यानं माझ्या भाजीला उभ्या जन्मात चांगलं म्हटलं नाही, तो वाटी पुढं करून म्हणाला, "अजून आहे का गं?" म्हटलं, घ्या, आता घरातही सवत.

ती परत खुर्चीत बसली आणि मी परत गेटवर. तशी बोलायची, मुरमुरे आणायची. झडती मात्र तिची रोज व्हायची, खुर्चीतली असली तरी. हात वर करायची आणि गंभीर उभी राहायची. मी मुद्दाम बोटं जरा जास्त फिरवायची, बरगडीवर, काखेत. काही नाही. गुदगुल्या कुठं जातात माणसाच्या? मी एकदा विचारलंही, "काय गं, हसत कामून नाहीस आता?" तर म्हणाली, "आदत हो गया, मौसी." सवय झाली म्हणे. इतक्या महिन्यांत नाही झाली ती एका दिवसात झाली.

मग माझा नोकरीचा शेवटचा दिवस आला. शाल, नारळ, घड्याळ, सुभेदार साहेबांचं भाषण. गायकवाड हवालदार आले, माझ्याकडं थांबले आणि चहासुद्धा प्याले. मग शिफ्ट सुटायची वेळ झाली. शेवटचं म्हणून मी आपल्या जागी जाऊन उभी राहिले. तेवढ्यात कमरेचा वॉकीटॉकी बोलला. मोनालिसा आतून म्हणत होती, "मौसी, दो कदम आगे आओ."

"कशाला गं?"

"आप दिखते नहीं हो. आगे आओ ना."

मी दोन पावलं पुढं सरकले. टोपी सरळ केली. वर बघितलं त्या मेल्याकडं, पहिल्यांदाच समोरासमोर. आतून आवाज आला, "हाँ. अब दिख रहे हो. बहुत अच्छा दिख रहे हो."

जाताना तिच्या खोलीत गेले. तिनं मला दाखवलं, पडद्यावर मी, कमरेवर हात ठेवून उभी. म्हटलं, "हे आता कायमचं राहील का गं ह्याच्यात?"

"नहीं मौसी. एक महीना. फिर अपने आप मिट जाता है. सब मिट जाता है."

"सगळं? ते तुझं लाल बोट, पोलिसांची गाडी, ते पण?"

"वो तो कब का गया," ती म्हणाली, आणि खुर्ची फिरवून कामाला लागली.

मी बसमध्ये बसले, मांडीवर नारळ. आजही भाजी निवडताना, पोरीची वेणी घालताना माझ्या हातांना ती लागते, हात वर करून उभी असलेली, न हसणारी. इतकी वर्षं मी त्या डोळ्याचा हेवा केला, त्याच्या खुर्चीसाठी, त्याच्या चहासाठी, त्याच्या शब्दाला असलेल्या किमतीसाठी. ते सगळं पोरकट होतं. त्याचं महिन्याला पुसलं जातं, हे कळलं तेव्हा मात्र मी खरी जळले.